रोजची उपकारस्तुती: नेमकी कशी करायची, कुठे अडतं?

शरणपूर_रोड (धागाकर्ता)

सर्वांना प्रभूत सलाम.

कौटुंबिक प्रार्थनेत एक वाक्य हमखास येतं: "प्रभू, आजच्या दिवसाबद्दल आणि सगळ्या आशीर्वादांबद्दल तुझे आभार." वाक्यात वावगं काही नाही. पण तेच वाक्य रोज म्हटलं की जिभेला पाठ होतं आणि मन तिथून उठून जातं, कारण 'सगळ्या' म्हटल्यावर डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही.

आपल्या मराठी बायबलमध्ये यासाठी फार नेमका शब्द आहे, उपकारस्तुती. आधी उपकार, मग स्तुती. स्तोत्र १३६ उघडून बघा. २६ ओव्या आणि प्रत्येकीला पालुपद एकच, त्याची दया सनातन आहे. पालुपदाच्या आधी मात्र आकाश येतं, सूर्य, चंद्र, तांबडा समुद्र येतो, सीहोन आणि ओग या राजांची नावंही गाळलेली नाहीत. आणि शेवटाकडे, २५व्या ओवीत, साधं अन्न. इतिहासातली मोठी कामं आणि ताटातली भाकरी एकाच स्तोत्रात, एकाच पालुपदाखाली.

रोजच्यासाठी रीत साधी आहे. प्रत्येक उपकारात तीन गोष्टी याव्यात: काय झालं, कधी झालं, कोणाच्या हातून झालं. "पाण्याबद्दल आभार" असं न म्हणता "सकाळी नळाला पाणी नव्हतं तेव्हा शेजारच्या काकूंनी दोन हंडे दिले, त्याबद्दल." दिवसाला तीनच. दहा लिहायला घेतले की चौथ्यापासून आरोग्य, कुटुंब, घर अशी भरती सुरू होते आणि आठवड्याभरात वही बंद पडते.

वही १०० पानी पुरते. लिहायचं फक्त उजव्या पानावर, डावं पान कोरं ठेवायचं. रविवारी मागचा आठवडा वाचायचा आणि त्या त्या माणसाला आपण काही बोललो का, हे डाव्या पानावर टिपायचं. देवाला सांगितलं आणि माणसाला सांगायचं राहिलं, असं फार होतं. आठवड्यात डावं पान पूर्ण कोरं राहिलं तर काय राहून गेलं ते आपोआप दिसतं.

बाकीच्यांनी भर घालावी, चुकत असेल तिथे सांगावं.

पाळीवाला_सातपूर

शरणपूरदादा, वहीचं पटलं. पण नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत पाळीत (शिफ्टमध्ये) काम करणाऱ्यांचं अडतं ते वेळेवर. "रोज रात्री ९ वाजता" हे महिन्यातले काही आठवडेच जमतं. म्हणून उपकारस्तुती घड्याळाला न बांधता हालचालीला बांधावी. कामावरून आल्यावर बूट काढायचे कोणत्याही पाळीत चुकत नाहीत. बसून एक बूट काढताना एक उपकार, दुसरा काढताना दुसरा, मोजे काढताना तिसरा. अंघोळीनंतर लिहायचे.

पहिले तीन-चार आठवडे एकच हालचाल धरा. हेल्मेट, चहा, लिफ्ट, सगळ्यालाच प्रार्थना जोडली की एकही टिकत नाही. मोबाइलचा गजर लावू नका. तो मशीन चालू असताना वाजतो, आपण बंद करतो, आणि आठ दिवसांत हात न बघताच तो बंद करायला शिकतो.

कँटीनमध्ये डबा उघडण्याआधी झाकणावर हात ठेवून दोन श्वास पुरेत. मोठ्याने म्हणायची सक्ती नाही आणि लाजायचंही कारण नाही. प्रेषितांची कृत्ये २७ मध्ये जहाजावर २७६ माणसं होती, चौदा दिवसांचं वादळ चालू होतं, आणि पौलाने सगळ्यांदेखत भाकर घेऊन देवाची उपकारस्तुती केली, मग खायला सुरुवात केली. ते पाहून बाकीच्यांना धीर आला आणि तेही जेवले, असं पुढे लिहिलंय.

महिलासंघ_देवळाली

जेवणाच्या प्रार्थनेबद्दल लिहिते, कारण तिथे एक चूक घरोघरी होते. ताटं वाढली जातात, घरातले डोळे मिटतात, "हे अन्न आणि ते करणारे हात आशीर्वादित कर" म्हणतात आणि ते हात तेव्हा तव्यावरची भाकरी उलटत असतात. आमेन होईपर्यंत ती भाकरी करपते किंवा ती बाई प्रार्थनेतच नसते.

उपाय असा. शेवटची भाकरी उतरू द्या, गॅस बंद करू द्या, तिला बसू द्या. पहिल्या भाकऱ्या फडक्यात गुंडाळून टोपलीत झाकल्या तर दहा मिनिटं सहज गरम राहतात. लहान मुलं भुकेली असतील तर त्यांच्यापुरती छोटी प्रार्थना करून त्यांना आधी वाढा. मोठ्यांना थांबता येतं. प्रार्थना वीस-तीस सेकंदांची असावी आणि त्यात त्या दिवसाच्या ताटातल्या एका तरी पदार्थाचं नाव यावं. मेथीची भाजी असेल तर मेथी म्हणा. मुलं लगेच डोळे उघडून ताटात बघतात. बघू द्या, ती बघतात म्हणजे ऐकतात.

बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकात (८:१०) तर खाऊन तृप्त झाल्यावर धन्यवाद करायला सांगितलंय. आपण फक्त आधी करतो. ताट उचलण्याआधी "प्रभू, पोट भरलं" एवढं म्हटलं तरी पुरे. पोट भरल्यावर देव आठवणं भुकेपेक्षा अवघड आहे, आणि तोच अध्याय पुढे हाच इशारा देतो.

आणखी एक. मराठी घरात कोणी आईला "धन्यवाद" म्हणत नाही, म्हटलं तर परक्यासारखं वाटतं. मग काहीच बोललं जात नाही. आपल्या भाषेत त्यासाठी वाक्यं आहेत, ती वापरा. "बरं झालं तू होतीस." "तू केलंस म्हणून निभावलं." "आज वरण अगदी जमलंय." शेजारच्यांचा डबा रिकामा परत करायचा नाही ही रीतही त्यातलीच. डब्यात दोन लिंबं, मूठभर शेंगदाणे, काही नसलं तर साखर. किंमत बघायची नाही, फक्त फार दिवस डबा घरात ठेवायचा नाही.

सायंप्रार्थना

कॅथलिक परंपरेतली एक रीत इथे उपयोगी पडेल. संत इग्नेशियस लोयोला यांच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकाला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली. त्यात दिवसाच्या परीक्षणाच्या पाच पायऱ्या आहेत. मिळालेल्या उपकारांबद्दल देवाचे आभार, आपली पापं ओळखण्यासाठी कृपा मागणं, उठल्यापासून आतापर्यंत तासातासाने विचार, शब्द आणि कृती तपासणं, क्षमा मागणं, आणि सुधारण्याचा निश्चय करून 'आमच्या बापा' ही प्रार्थना.

आभार पहिल्या पायरीवर आहेत, हे महत्त्वाचं. आधी पापांची यादी काढली की माणूस एक तर खचतो किंवा स्वतःची वकिली करायला लागतो. उपकार आधी मोजले की चूक कोणाशी केली ते कळतं आणि क्षमा मागणं सोपं जातं. बारा मिनिटं धरली तर तीन आभारांना, एक कृपा मागायला, पाच तपासणीला आणि उरलेली तीन शेवटच्या दोन पायऱ्यांना. अंथरुणात पडून करू नका, तिसऱ्या पायरीच्या आत झोप लागते. खुर्चीत, पाय जमिनीवर टेकवून, दिवा चालू ठेवून. तरी पेंग येत असेल तर जेवणाच्या आधी करा.

ख्रिस्तयागाला (मिस्साला) ग्रीकमध्ये 'युखारिस्तिया' म्हणतात, अर्थ उपकारस्तुती. रविवारची वेदी आणि रोजचं ताट यांचा धागा एकच आहे. वहीतले आठवड्याचे उपकार मिस्साला जाताना मनात घेऊन गेलात तर अर्पणाच्या वेळी हात रिकामे वाटत नाहीत.

निफाडची_बाग

सगळं चांगलं आहे, पण एक सरळ विचारतो. मार्चात बाग काढणीला आलेली असते आणि अर्ध्या तासाची गारपीट होते. मणी फुटतात, सडायला लागतात, व्यापारी फोन उचलत नाही, सोसायटीचं कर्ज तसंच. अशा वेळी मंडळीतलं (चर्चमधलं) कोणीतरी येऊन म्हणतं, "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा, गारपिटीबद्दलही देवाचे आभार माना." हे खरंच पवित्र शास्त्रात आहे का? असेल तर कसं करायचं ते सांगा. नसेल तर लोकांनी हे म्हणणं बंद करावं.

जुना_करार

निफाडदादा, प्रश्न योग्य आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१ थेस्सलनीकाकर ५:१८ मध्ये मूळ ग्रीक शब्द 'एन पान्ती' आहेत, म्हणजे 'सर्व स्थितीत'. मराठीत तो नेमका उतरलाय. 'स्थितीत' आणि 'स्थितीबद्दल' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. गारपिटीत असताना देवाकडे तोंड ठेवा, असं हे वचन म्हणतं. गारपिटीचे आभार माना, असं म्हणत नाही.

कोणी इफिसकर ५:२० पुढे करेल. तिथे 'सर्व गोष्टींबद्दल' असंच आहे, ते नाकारून चालणार नाही. पण त्याच वचनात ते येशू ख्रिस्ताच्या नावाने करायचं आहे. ज्याने आजार बरे केले, भुकेल्यांना खाऊ घातलं, मेलेल्यासाठी रडला, त्याच्या नावाने आजाराला, भुकेला, मरणाला चांगलं म्हणता येत नाही. योहान ११ वाचा. आपला मित्र लाजर याच्या कबरेकडे जाताना येशू रडला (३५). थोड्याच वेळात, त्याच कबरेसमोर, तो म्हणतो, बापा, तू माझं ऐकलं म्हणून तुझी उपकारस्तुती करतो (४१). रडणं आणि आभार एकाच जागी आहेत. आणि आभार मरणाबद्दल नाहीत, ऐकणाऱ्या बापाबद्दल आहेत.

आता कसं करायचं. स्तोत्र १३ सहाच ओव्यांचं आहे, त्याचा क्रम धरा. पहिल्या दोन ओव्यांत "किती वेळ?" अशी तक्रार चार वेळा येते. पुढच्या दोन ओव्यांत मागणं, माझ्याकडे बघ, उत्तर दे. शेवटच्या दोन ओव्यांत भरवसा आणि गाणं. तक्रार आधी, पूर्ण, देवाच्या तोंडावर. त्या दिवशी शेवटच्या दोन ओव्या तोंडातून निघाल्या नाहीत तर चौथीवर थांबा. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे आणि तीही प्रार्थनाच आहे.

हबक्कूक ३:१७ द्राक्षवाल्या जिल्ह्याने पाठ करावं असं आहे. अंजिराला फूल नाही, वेलीला द्राक्षं नाहीत, जैतुनाचं पीक बुडालं, शेतात धान्य नाही, मेंढवाड्यात मेंढरू नाही, गोठ्यात गुरं नाहीत. संदेष्टा नुकसानाचा पंचनामा करतो, एकेक बाब नोंदवतो, आणि १८व्या ओवीत म्हणतो, तरी मी परमेश्वराच्या ठायी उल्लास करीन. त्या 'तरी'च्या आधी सगळं नुकसान मोजलेलं आहे. ते न मोजता 'तरी'वर उडी मारली की शब्द पोकळ होतो.

आणि भेटायला जाणाऱ्यांसाठी: पहिल्या आठवड्यात वचन सांगू नका. पंचनाम्याला कागद लागतील, फुटलेले घड उतरवायला माणसं लागतील, तिथे हात द्या. नंतर त्याच्या वहीत तुमचं नाव 'कोणाच्या हातून' या जागी येईल.

महिलासंघ_देवळाली

जुना_करार यांच्याशी पूर्ण सहमत, आणि एक गोष्ट स्पष्ट लिहायलाच हवी. घरात मारहाण होत असलेल्या बाईला "सहन कर, नवरा आहे याबद्दल देवाचे आभार मान" असं सांगणं हा उपकारस्तुतीचा गैरवापर आहे. आधी सुरक्षितता. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे, तातडीला ११२. प्रार्थना तिच्याबरोबर करा, पण फोन लावून दिल्यानंतर.

शब्बाथशाळा

मुलांबद्दल थोडक्यात. "आज देवाने तुला काय दिलं?" विचारलं की उत्तर चॉकलेट, सायकल, मोबाइल. प्रश्न बदला: "आज तुझ्यासाठी कोणी काय केलं?" मग रिक्षावाले काका, पाण्याची बाटली देणारी मैत्रीण, वेणी घालणारी आजी बाहेर येतात. चार ते सात वर्षांच्या मुलांना एकच विचारा. आठच्या पुढच्यांना महिन्यातून एकदा एका माणसाला दोन ओळींची चिठ्ठी लिहायला लावा आणि ती स्वतः नेऊन द्यायला लावा.

लूक १७ चे दहा कुष्ठरोगी शिकवताना परत आलेल्या एकट्या शोमरोनीच्या (यहूदी ज्यांना परके मानत त्यांतला) कृती करून दाखवा. आपण बरे झालो हे त्याने पाहिलं, तो परत फिरला, मोठ्याने देवाचं गौरव केलं, पायाशी पडला, उपकार मानले. वर्गात हे पाच टप्पे चालून दाखवले की मुलं विसरत नाहीत. बरे दहाही झाले. मोठ्यांचीही गाडी बहुधा 'पाहिलं' आणि 'परत फिरला' यांच्या मध्येच अडकते.

शरणपूर_रोड (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. घरी होणाऱ्या उपकारस्तुतीच्या प्रार्थनेबद्दल (वास्तू, नोकरी, मुलाचा निकाल) लिहायचं राहिलं होतं.

पाऊण तास पुरतो. दोन गाणी, एक स्तोत्र, घरच्यांची साक्ष (देवाने काय केलं ते सांगणं), पाळकसाहेबांचा दहा मिनिटांचा संदेश, प्रार्थना, चहा. बिघडते ती साक्ष. "देवाने आम्हाला थ्री बीएचके दिला, गाडी दिली" असं सुरू झालं की त्याच खोलीत बसलेला भाडेकरू, निकाल लागला नाही असा मुलगा, मूल नसलेलं जोडपं मान खाली घालतात. लूक १८:११ मधल्या परूश्यानेही (नियमशास्त्र कडक पाळणाऱ्या यहूदी पंथातल्या माणसानेही) देवाचे आभारच मानले होते, पण "मी इतरांसारखा नाही" याबद्दल. साक्ष तीन मिनिटांची ठेवा, आणि त्यात किंमत आणि चौरस फूट न येता माणसं यावीत: कर्जाला जामीन कोण राहिलं, सामान कोणी वाहिलं, अडचणीत कोण थांबलं.

मंडळी म्हणून करायची उपकारस्तुती वेगळी. अनुवाद २६ मध्ये प्रथमपिकाची टोपली याजकापुढे ठेवल्यावर नुसतं "आभार" म्हणायचं नाही, तर आपला इतिहास सांगायचा: भटका पूर्वज, मिसर देश, गुलामी, सुटका, ही जमीन. नाशिककरांना हे फार जवळचं आहे. नाशिकमधली शरणपूर ही वस्ती १९व्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने वसवली, आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना इथे आसरा आणि शिक्षण मिळालं. त्यांतला जेकब वेनराइट पुढे मिशनरी आणि संशोधक-प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या मृतदेहाबरोबर आफ्रिकेतून इंग्लंडपर्यंत गेला आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनाच्या वेळी शवपेटी धरणाऱ्यांत होता. सुगीच्या सणाला दोन मिनिटं हे वाचून दाखवा. रोज ज्या रस्त्याने जातो त्याच्या नावात 'शरण' का आहे, हे मुलांना कळू द्या.

निफाडची_बाग

उत्तर मिळालं, जुना_करार. 'तरी'च्या आधी मोजायचं, हे लक्षात ठेवीन.

सुगीच्या सणाच्या अर्पणाबद्दल माझ्याकडून भर. सण दिवाळीनंतर असतो तिथे बाजरी, मका, सोयाबीन, इगतपुरीकडचा भात, लाल कांदा येतो. द्राक्षं तेव्हा नसतात, म्हणून द्राक्षवाल्यांनी फेब्रुवारी-मार्चच्या एका रविवारी वेगळी टोपली ठेवावी. घड सकाळच्या गारव्यात काढा, देठाला धरा, मण्यांवरची पांढरी झाक पुसू नका, ती गेली की माल लवकर उतरतो. शेवटच्या फवारणीनंतर ठरलेले दिवस पूर्ण झालेलेच घड आणा. वेदीपुढे जाणारं फळ लेकरं लगेच तोंडात टाकतात.

लाल कांदा टिकत नाही, चाळीत टिकतो तो उन्हाळ कांदा. त्यामुळे लाल कांदा आणि भाजीपाला त्याच दिवशी वाटून टाका. अर्पणाच्या मालाच्या लिलावात मोठ्या बोलीचं कौतुक होतं आणि पाच रुपये देणारी आजी मागे राहते. म्हणून अर्धा माल लिलावाला आणि अर्धा आधीच वसतिगृहासाठी बाजूला काढलेला बरा.

नवी_सभासद_नाशिकरोड

सर्वांना नमस्कार. 'उपकार' शब्दाचंच ओझं वाटतं. आपल्याकडे उपकार म्हणजे फेडावे लागतात, आणि फेडता आले नाहीत तर ते आयुष्यभर ऐकावं लागतं. फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला किती लोक नवस फेडायला येतात! मग उपकारस्तुती आणि नवस यांत फरक काय?

जुना_करार

ताई, जुन्या करारातल्या लेवीय ७ मध्ये दोन्ही वेगळे ठेवलेत. उपकारस्तुतीच्या यज्ञाचं मांस त्याच दिवशी खायचं, सकाळपर्यंत काही उरवायचं नाही (१५). नवसाच्या यज्ञाचं दुसऱ्या दिवशीही चालतं (१६). उपकारस्तुतीबरोबर बेखमीर (आंबवण न घातलेल्या) आणि खमीर घातलेल्या, दोन्ही प्रकारच्या भाकरी असत. एवढं सगळं एका दिवसात संपवायचं तर एका घराचं काम नाही, शेजारीपाजारी बोलवावेच लागणार. मला त्यातून कळतं ते एवढंच, की आभार शिळे करू नयेत आणि एकट्याने खाऊ नयेत.

नवसात "तू हे दे, मग मी ते देईन" असं असतं. उपकारस्तुतीत देणं आधीच झालेलं असतं. आणि फेडण्याबद्दल तुमचाच प्रश्न स्तोत्र ११६:१२ विचारतं, परमेश्वराच्या उपकारांचा मी कसा उतराई होऊ? पुढच्याच ओवीत उत्तर आहे: मी तारणाचा प्याला हाती घेईन. म्हणजे उतराई होण्यासाठी तो आणखी घेतो. नवस बोलून गेलं असेल तर १४वी ओवी तो फेडायलाही सांगते, त्यामुळे यात्रेला येणाऱ्यांना कमी लेखू नये. पण क्रम बघा, प्याला आधी, नवस नंतर.

पाळीवाला_सातपूर

शेवटचा एक व्यावहारिक प्रश्न. मधले चार-पाच दिवस वही राहून गेली तर मागचं आठवून भरायचं का?

शरणपूर_रोड (धागाकर्ता)

नाही. आठवून भरलेलं पुन्हा 'सगळ्या आशीर्वादां'सारखंच होतं. त्या तारखा कोऱ्या सोडा, आजची तारीख घाला आणि आजचे तीन लिहा. फक्त त्या दिवसांत कोणाचा डबा घरात राहिला असेल तर तो आज देऊन या.